जगनचा बेस आणि माझा कान

एनहान्सर आणि इक्वलायझर एकच का? नाही. दोन वेगळी यंत्रं आहेत, दोन वेगळी कामं करतात. ज्याला एवढंच हवं होतं त्यानं पान उलटावं, दिवाळी अंक आहे, पुढे चकल्या-करंज्या असतील. ज्याला थोडा वेळ आहे त्यानं बसावं. कारण या प्रश्नाचं उत्तर मला पुरतं ठाऊक आहे अशा गुर्मीत मी यंदा श्रावणात एका चांगल्या माणसाची भर गावात अब्रू घालवली.

मी दत्ताराम. सगळे दत्तू मिस्तरी म्हणतात. बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं दुकान आहे. अँप्लीफायर, स्पीकर, माईक, बेंजोचे पिकअप, जे बोलायचं बंद झालं ते बोलतं करायचं, हा धंदा. शाळा चौथीपर्यंत. पुढचं हाताला चटके बसून शिकलो. दुकानाचं तोंड बाजाराकडे, पाठीमागे घर, मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे माझी बायको शेवंती असायची. चैत्रात ती गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी ती नव्हती. यावर मला जास्त लिहिता येत नाही. पण तिला सोडून ही हकीकत सांगताच येत नाही, म्हणून नाव घेतलं.

आता धंद्याचं सांगतो. आमच्याकडे बेंजो पार्टीशिवाय हळद लागत नाही आणि देव मिरवत नाही. पार्टीत बेंजो पुढे, ताशे-ढोल बाजूला, आणि मागे कोपऱ्यात एक माणूस चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असतो. तो बेसवाला. बेंजोला लोक शाबासकी देतात, बेसवाल्याचं नावही कुणी विचारत नाही. पण मध्येच बेस बंद पडला तर नाचणाऱ्यांचे पाय जड होतात, आणि का झाले ते त्यांना कळत नाही.

या बेसवाल्यांची एकच रड. "मिस्तरी, माझा ऐकूच येत नाय." मग कुणीतरी त्यांना सांगतं, पायाखाली डबा ठेव. ते दुकानात जातात. दुकानदार दोन डबे दाखवतो, एकावर इक्वलायझर लिहिलेलं, दुसऱ्यावर एनहान्सर. दोन्हीला वायर घालायची भोकं, दोन्हीला लाल दिवा. यांना फरक कळत नाही, म्हणून रंग आवडेल तो घेतात.

इक्वलायझर म्हणजे आपल्या खारबांधाची उघाडी, खाडीचं पाणी आत घ्यायचं दार. एक नाही, ओळीनं सात-आठ. एक खालच्या जाड आवाजाची, एक मधल्याची, एक वरच्या बारीक आवाजाची. दांडी वर केली की तेवढं पाणी आत येतं, खाली केली की थांबतं. पण पाणी बांधापलीकडे असावं लागतं. कोरड्या खाडीवर उघाडी कितीही उघडा, चिखल दिसेल. आवाजात जे आहे तेच इक्वलायझर वाढवतो नाहीतर कमी करतो. नवीन काही आणत नाही. एका पठ्ठ्यानं सगळ्या दांड्या वरपर्यंत नेल्या होत्या आणि मला म्हणाला, "काय फरक पडला नाय, नुसता मोठा झाला." अरे बाबा, सगळी दारं उघडलीस म्हणजे नुसता मोठाच होणार.

एनहान्सर मला पहिल्यांदा दाखवला हमीदभाईंनी. बोर्लीतलेच. वीस वर्षं आखातात होते. तिथल्या कॅम्पात जुम्म्याच्या सुट्टीला चार पोरं जमवून बेस वाजवायचे. कायमचे परत आले तेव्हा सामानात हा डबा. माझ्या टेबलावर आपटला.

"दत्तू, दुकानवाला बोलला ह्यो एनहान्सर हाय. माजा भाचा बोलतो, मामूला टोपी घातली, ह्यो इक्वलायझरच हाय. तू खोल आनी मना सांग."

मी खोलला. आतलं सर्किट वेगळं होतं. मी अर्धा तास समजावत होतो. हमीदभाई माझ्या तोंडाकडे बघत होते, मग म्हणाले, "काय समजला न्हाय."

तेव्हा पडद्याआडून शेवंती बोलली. ती लसूण सोलत होती.

"हमीदभाई, आमटीत कोलंबी कमी-जास्त केली ते एक. आनि वरून लसनाची फोडनी दिली ते दुसरं. आमटी घरातच ऱ्हाते. फोडनीचा वास शेजारी जातो. शेजारी बोलतो, आज यांच्याकडं आमटी हाय."

हमीदभाईंनी मांडीवर थाप मारली. "भाबी, तुमी दुकानावर बसा. ह्याला चुलीपुढं बसवा."

मला ते आवडलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर आजपर्यंत यापेक्षा सोपं कुणी सांगितलेलं नाही. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला चाळीस वेळा थरथरते. एवढा जाड आवाज बाहेर फेकायला हत्तीसारखा स्पीकर लागतो. टेम्पोवरच्या स्पीकरला तो झेपत नाही, आणि उघड्यावर तर तो उरतच नाही. पण प्रत्येक जाड आवाजाला बारीक पोरं असतात. दुप्पट थरथरणारं, तिप्पट, चौपट. एनहान्सर काय करतो, आलेल्या आवाजावरून ही पोरं नव्यानं तयार करतो आणि वरून सोडतो. पोरं छोट्या स्पीकरमधूनही निघतात, गर्दीतून पार जातात. आणि माणसाचा कान असा की पोरांचे चेहरे बघून बाप ओळखतो. बाप तिथे नसला तरी म्हणतो, आला. लबाडीच आहे, पण कानाला आवडणारी. काही डबे निराळ्या रीतीनंही करतात, आणि काही बनेल लोक साध्या इक्वलायझरला रंग मारून एनहान्सर म्हणून विकतात. ते मी स्वतः उघडून पाहिलेत.

पुढे हमीदभाईंच्या बोटांना संधिवात झाला. डबा माझ्याकडे देऊन म्हणाले, "कुना वाजवनाराला दे." तो कपाटात पडून राहिला.

यंदा आषाढात जगन आला. कोळीवाड्यातला. सकाळी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो आणि वीस वर्षं वामन मास्तरच्या बेंजो पार्टीत बेस वाजवतो. खांद्यावर स्पीकर होता, त्याचा कागद मधोमध फाटलेला.

"कसा फाटला?"

"हळदीत. इक्वलायझरच्या खालच्या दांड्या वर नेल्या. पयलं गानं मस्त गेला. दुसऱ्यात फाट्कन."

"जायचाच. लहान हंड्यात किती पाणी ओतशील? अँप्लीफायरनं सगळी ताकद त्या एका जाड आवाजात ओतली, स्पीकरची छाती फुटली."

तो हसला नाही. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, मास्तरनं सांगितलाय. नारळी पुनवेच्या मिरवणुकीत बेस शेवटच्या मानसापरेंत ऐकू आला तर मी. नायतर पुढच्या सीझनला कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवनार."

"आणि तू?"

"मी बर्फ."

म्हणजे जगनची वीस वर्षांची जागा त्या एका दुपारवर आली होती. मी कपाट उघडून हमीदभाईंचा डबा काढला. जॅकचं सोल्डरिंग सुटलं होतं, ते केलं, एक कपॅसिटर फुगला होता, तो बदलला. याला दोन बटणं. एक खालच्या आवाजाचं, एक वरचं, म्हणजे फोडणीचं. जगनला वाजवायला लावलं आणि मी बटणं फिरवत गेलो. वरचं बटण पाव, अर्धं. मला फोडणी लागेना. पाऊण केलं तेव्हा कुठे तारेला धार आल्यासारखी वाटली.

जगननं तोंड वाकडं केलं. "काका, जरा चिरका येतो काय?"

"चिरका तुझ्या डोक्यात. एवढी वर्षं मी हेच करतोय."

माझी एक सवय सांगतो, ती इथे महत्त्वाची. वाजवणारे बटणं चिवडतात आणि मग बिघडलं म्हणून माझ्याच उरावर येतात. म्हणून मी एकदा आवाज लावला की बटणाची टोपी काढून टाकतो आणि खालच्या दांडीवर नेलपॉलिशचा थेंब सोडतो. सुकला की दांडी हलत नाही. स्टेशनरीवाला दरवेळी हसायचा, "मिस्तरी, वयनी हौशी दिसतात." शेवंतीनं जन्मात नखाला लावली नाही, सगळी पॉलिश माझ्या मशिनींना.

जगनच्या डब्यावर मी दोन लाल थेंब सोडले. वर म्हणालो, "आणि तो इक्वलायझर घरी ठेव. आता त्याचं काम नाही. दोन-दोन डबे अडाणी लोक लावतात."

तो डबा पिशवीत घालून निघाला. दाराशी थांबला, पडद्याकडे बघितलं. पडदा आहे, पलीकडे कुणी नाही. मग गेला.

शेवंती गेल्यापासून दोन मशिनी परत आल्या होत्या, हेही इथेच कबूल करतो. दोघांची तक्रार एकच, शिट्टी मारते. दोघांनाही मी हाकललं होतं.

नारळी पुनवेला मिरवणूक दुपारी तीनला देवळापासून निघते, बंदरावर जाते, सोनेरी कागदाचा नारळ दर्यात सोडला की होड्या मोकळ्या. टेम्पोवर मध्ये वामन मास्तर बेंजो घेऊन, एका बाजूला जगन, दुसऱ्या बाजूला कीबोर्डवाला. त्याला वामननं मुद्दाम बोलावलं होतं. खाली नऊवारीतल्या बायका, त्यात जगनची बायको मालती, हातात ताट. मी टेम्पोला खेटून उभा. मला बघायचंच होतं.

वामननं मान हलवली. जगननं तार ओढली.

मला जो आवाज आला तो काय सांगू. खोल, गोल, बेंबीपाशी लागणारा. मी हसून वर पाहिलं. वामनचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं होतं. मला वाटलं त्याचं काही दुखतंय. मग पोरांनी कानात बोटं घातली. एका म्हातारीनं पदर कानावर ओढला. बायकांतून कुणीतरी ओरडलं, "अगं बाय, सुरी घासतंय काय कोन?"

मी मागे जनरेटरकडे पाहिलं. तो नीट चालला होता.

"कमी कर!" वामन ओरडला.

जगन वाकला. दांडी चिमटीत धरली. फिरेना. पुन्हा धरली, नखं रोवली. माझा लाल थेंब दगडासारखा बसला होता. त्यानं वरून माझ्याकडे पाहिलं.

"काका, वरचा कमी कर. लवकर."

"कशाला? बरोबर हाय."

"काका, लोका कान धरून उभी हायत!"

दिसत मलाही होतं. ऐकू मात्र तसलं काही येत नव्हतं. मी खुळ्यासारखा एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. जगननं शेवटी पायानं डबा बंद केला. बायकांनी पदर खाली घेतले. पण फोडणी गेली तसा बेसही गेला, टेम्पोच्या पलीकडे पोचेना.

वामननं कानाला हात लावला. "आता? आता कुटं हाय तुझा बेस?"

इक्वलायझर असता तर जगननं वरच्या दोन दांड्या खाली घेतल्या असत्या आणि काम झालं असतं. तो घरी होता. माझ्या सांगण्यावरून.

देवळातून नारळ बाहेर आला. लोक पुढे सरकायला लागले. वामन टेम्पोवरून वाकला, अगदी माझ्या तोंडाशी आला.

"दत्तू, मशीन खराब का मानूस खराब? एक सांग. नारळ निघाला."

मला तेव्हा काय झालं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढं कळलं होतं की सगळ्यांना काहीतरी ऐकू येतंय आणि मला नाही. त्याच्यापुढे विचार करायला मी भ्यालो. चारशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मशीन बरोबर हाय. याची बोटं घासतात तारेवर. मशीन ते मोठं करून दाखवतं. त्यात मशीनचा काय दोष?"

हे खोटं फार हुशारीचं होतं. एनहान्सर बोटांची घसघस मोठी करतो, हे खरंच आहे. म्हणून वामनला पटलं. धंद्यातल्या माणसाचं खोटं असंच असतं, नऊ आणे खरं.

"जगन, उतर," वामन म्हणाला.

जगननं वायर काढली, गुंडाळली. गिटार पिशवीत घातली, चेन लावली. टेम्पोवरून खाली उतरला आणि बायकांच्या मधून वाट काढत उलट्या दिशेनं चालायला लागला. मालती ताट घेऊन उभी. तिला कळेना नारळामागे जावं की नवऱ्यामागे. ती नवऱ्यामागे गेली.

मिरवणूक चालू लागली. मी मागून चालत होतो. वामननं एकट्या बेंजोवर सुरुवात केली. बेंजो मला ऐकू येत होता, पण गोधडीखाली ठेवल्यासारखा. त्याची ती झणझण कुठेच नव्हती. माझ्या पुढ्यात दोघं झांज वाजवत होते. पितळेच्या थाळ्या एकमेकींवर आदळत होत्या, उन्हात चमकत होत्या, आणि माझ्या कानात नुसता धप्प, धप्प. झांजेचा आवाज धप्प असतो का? मी थांबलो. माझ्या दोन्ही बाजूंनी लोक नाचत पुढे गेले.

तिथून तसाच दुकानात आलो. कपडेही बदलले नाहीत. मोबाईलवर शिट्टीचा सूर काढता येतो, तो बारीक-बारीक करत नेता येतो. तो अँप्लीफायरला जोडला, स्पीकरच्या वायरला काट्याचा मीटर लावला. सूर चढवत गेलो. काटा उभा, आवाज येतोय. काटा उभा, आवाज मंद झाला. काटा तसाच उभा, आवाज संपला. मी वायरी हलवल्या, स्पीकर बदलला, मीटर बदलला. दुसऱ्या मीटरचाही काटा उभा. मिस्तरी माणूस, काट्यावर विश्वास ठेवणं हाच धर्म. आता काटा सांगत होता की बिघाड मशीनमध्ये नाही.

पडद्यामागून तिचा आवाज यायचा, "अवो, शिट्टी मारतंय ते. जरा खाली घ्या." गेली दहा-बारा वर्षं येत होता. मला वाटायचं, हिचं डोकं दुखतंय. मी चिडायचो, "तुला काय कळतंय यातलं?" म्हणायचो, आणि कटकट नको म्हणून बटण थोडं खाली घ्यायचो. लोक म्हणायचे, दत्तू मिस्तरीचा हात लागला की मशीन गोड होतं. हात माझा होता. कान तिचा होता. आणि मी तिला एकदाही बरोबर म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यात गेलो. होड्या भरत होत्या, बर्फ, डिझेल, जाळी. वामन ओट्यावर चहा पीत होता. चार-पाच माणसं होती. मी उभ्यानंच सांगितलं.

"वामन, काल मी खोटं बोललो. मला वरचा आवाज ऐकू येत नाही. मशीन मीच चुकीचं लावलं होतं. जगनची बोटं चांगली हायत."

वामननं कप खाली ठेवला. "हे काल बोलायला काय तोंडात मासा व्हता?"

"लाज वाटली."

"आनि त्याला नसंल वाटली? भर पुनवेला उतरवला मी त्याला. तुज्या शब्दावर." मग म्हणाला, "कीबोर्डवाल्याला मी हो बोललोय, दत्तू. आता माजा शब्द कुटं ठेवू?"

"रविवारी दुपारी एक गाणं ऐक. बंदरावर. मी बटणाला हात लावणार नाही."

"एक. दुसरा नाय."

तिथून बर्फाच्या कारखान्यात. जगन लादीवर आकडा मारत होता. मी जे वामनला सांगितलं तेच सांगितलं. तो थांबला नाही. तीन लाद्या ओढून झाल्यावर बोलला.

"काका, तुला ऐकू येत नाय ते मना ठाव व्हता."

"कधीपासून?"

"सगल्यांना ठाव व्हता. तुज्याकडून मशीन घेतला की आमी पानी प्यायला आत काकीकडं का जायचो? पानी काय बाजारात मिलत नाय? काकी मान हलवायची, व्हय का न्हाय. न्हाय बोलली तर आमी परत येऊन तुला सांगायचो, काका, जरा परत बग." त्यानं चौथी लादी ओढली. "ती बोलली व्हती, त्याला सांगू नका, त्याचा जीव जाईल."

मी भिंतीला टेकलो. ती भिंतही थंडगार.

"मग तू त्या दिवशी मला का नाही सांगितलंस? दुकानात?"

"सांगितला ना. चिरका येतो बोललो." आता तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "काकीला जाऊन तीन म्हयने झालेले, आनि मी तुला बोलू, तू बहिरा झालास? मी गप बसलो. आनि तू? तू बोटांवर आलास. वीस वर्सा वाजवतोय काका. माजी बायको उभी व्हती तिथं."

मी म्हणालो, "रविवारी ये. डबा घेऊन. आणि इक्वलायझर पण आण."

रविवारपर्यंत झोप आली नाही. तो येईल का तेही ठाऊक नव्हतं. आला. दोन्ही डबे घेऊन आला. ब्लेडनं मी माझे लाल थेंब खरवडून काढले, दांड्या मोकळ्या झाल्या, आणि मी चार पावलं मागे जाऊन हात पाठीमागे बांधले. वामन धक्क्याच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला, पाठ करून. स्पीकर मुद्दाम लहान घेतला होता. भरतीची वेळ, लाटा धक्क्यावर आपटत होत्या, वर डिझेलचा पंप चालू. यापेक्षा वाईट जागा मिळाली नसती. बरंच होतं ते, मिरवणुकीपेक्षा सोपी जागा वामननं मानलीच नसती.

"आधी इक्वलायझर," मी सांगितलं. "खालची पहिली दांडी कमी कर."

"कमी? मना वाढवायचा हाय."

"स्पीकरला न झेपणारं आधीच काढून टाक. त्याची ताकद वाचव. मग दुसरी जरा वर. आता एनहान्सरचं वरचं बटण शून्यावर ने आणि हळूहळू आण. कुठे थांबायचं ते तू ठरव. मला विचारू नको."

जगननं डोळे मिटले. एका हातानं तार ओढत, दुसऱ्यानं दांडी फिरवत होता. पाव झालं. मला काहीच फरक लागत नव्हता. जरा पुढे गेला, परत मागे आला. परत पुढे, केसभर. थांबला. कसं वाजतंय ते मला कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी वामनच्या पाठीकडे बघत राहिलो. पाठीवरून काही कळत नाही. जगननं गाणं सुरू केलं. अर्धं झालं. वामन हलला नाही. मी मनात म्हणालो, गेलं. मग वामनची टाच दिसली. धक्क्याच्या दगडावर उठत होती, पडत होती. त्याच्या लक्षातही नसावं.

गाणं संपलं. वामन चालत आला, मला ओलांडून जगनपुढे उभा राहिला.

"तुळशीच्या लग्नानंतर पयली हळद दिवेआगरला. वेळेवर ये. दोनी डबे आन." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कीबोर्डवाल्याला काय सांगायचं ते मी बगतो. शिव्या खाईन."

जगननं मान डोलावली. सामान आवरलं. मला "येतो" म्हणाला नाही. अजूनही दुकानात येत नाही, त्याचं काही बिघडलं तर म्हसळ्याला नेतो. बरोबर करतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधीच सांगतो, वरचं मला ऐकू येत नाही, तुझा कान घेऊन ये. काही परत जातात. काही बसतात.

एक काम राहिलं होतं. मालतीला त्या दिवशी गावादेखत मान खाली घालावी लागली होती, म्हणून तिच्या दारात गेलो. ती सुकट निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बस म्हणाली नाही.

"काका, ह्ये माज्या दारात सांगून काय व्हनार? तुमी बोटांचं बोललात तवा सगला गाव व्हता. गावाला सांगा."

"गाव परत कुठे जमायचा मालती? पुनव गेली."

"त्ये तुमी बगा," ती म्हणाली आणि सूप उचललं.

या अंकाची मंडळी दोन-तीन वर्षं माझ्यामागे होती, मिस्तरी, धंद्याचे अनुभव लिहा. मी टाळत होतो. यंदा मीच त्यांच्याकडे गेलो, कारण दिवाळीत हा अंक कोळीवाड्यापासून बाजारपेठेपर्यंत घरोघर जातो.

तर बोर्लीकर, कोळीवाडेकर, आणि त्या दिवशी मिरवणुकीत असलेले सगळे, ऐका. जगनची बोटं तारेवर घासत नव्हती. मशीन मी लावलं होतं. ते किंचाळत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. हे मी तिथेच, वामननं विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतं. नारळ दोन मिनिटं थांबला असता.